‘असली’ पुस्तके वाचणारी माणसे

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यात क्वार्टर रिकामे करण्याचा दिवस येतो. नोकरी संपते, हिशेब होतो आणि तीस-पस्तीस वर्षांचा संसार आठ दिवसांत उचलावा लागतो. काय न्यायचे, काय वाटून टाकायचे आणि काय रद्दीत घालायचे, याचा निवाडा त्या आठ दिवसांत होतो. भिलाईत असे निवाडे मी पुष्कळ पाहिले आहेत. गेल्या मार्च महिन्यात पाहिलेला एक मात्र मनातून जात नाही.

घर मराठी होते. वडील रोलिंग मिलमध्ये होते, मुलानेही त्याच कारखान्यात उमेदीची सारी वर्षे घालवली. तो निवृत्त झाला आणि कुटुंबाने नागपूरला लहानसे घर घेतले. त्याच्या आईंनी ऐंशी ओलांडली आहे. त्या गल्लीतले तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगडी असे सगळेच त्यांना ‘आई’ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा अंगणात तीन लोखंडी ट्रंका उघड्या पडल्या होत्या आणि रद्दीवाला तागडी लावून बसला होता. ट्रंकांमध्ये प्रेमकथांच्या कादंबऱ्या होत्या. एका बाजूला हिंदी पॉकेट बुके, दुसऱ्या बाजूला मराठी. दोन पोती तो आधीच बांधून मोकळा झाला होता.

मुलगा थोडा ओशाळला. “आईला पहिल्यापासून असली पुस्तके वाचायचा नाद,” तो म्हणाला. ‘असली’ हा शब्द आमच्या या दुभाषी गावात मजेशीर आहे. हिंदीत त्याचा अर्थ अस्सल, खरा. मराठीत तोच शब्द नाक मुरडून उच्चारला की त्याचा अर्थ ‘या लायकीची’ असा होतो. त्याने तो मराठीत उच्चारला होता.

अशा पुस्तकांच्या वाचकाचे एक चित्र आपल्या सर्वांच्या मनात तयार असते. ती बाई असते. तिला काम नसते, किंवा असलेले काम टाळून ती वाचते. तिच्या संसारात काहीतरी उणे असते आणि ते ती पुस्तकात भरून काढते. कथा आणि आयुष्य यांतला फरक तिला कळत नाही, कारण कळता तर तिने दुसरे काही वाचले असते. तिने ही पुस्तके जपून ठेवली, म्हणजे तर कहरच! बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा जमवणारा गृहस्थ आपल्याला छंदिष्ट आणि रसिक वाटतो. हिंदीतले जुने जासूसी उपन्यास शोधत फिरणाऱ्या पुरुषांवर वर्तमानपत्रे कौतुकाने लिहितात. तोच कागद, तेच छापखाने, तसेच भडक मुखपृष्ठ. पण आत खुनाऐवजी प्रेम असले की जमवणारी व्यक्ती हास्यास्पद ठरते.

हे मी इतरांना उद्देशून लिहितो आहे असा समज होऊ नये. नोकरीच्या काळात एका जिल्ह्यात असताना वाचनालयांसाठी खरेदी करावयाच्या पुस्तकांची यादी माझ्यापुढे मंजुरीसाठी आली होती. गावोगावच्या वाचकांनी मागणी केलेली पुस्तके त्या यादीत वेगळी दाखवली होती. लाल पेन्सिलीने मी त्यांतल्या बहुतेक कादंबऱ्यांवर रेघ ओढली आणि समासात शेरा लिहिला: ‘हलके साहित्य. वगळावे.’ त्या कामाला दहा मिनिटेही लागली नसतील. त्याच दौऱ्यात दुर्ग स्थानकावर गाडीची वाट पाहत मी गुलशन नंदांची एक कादंबरी संपवली होती, ही गोष्ट मी त्या वेळी कोणाला सांगितली नाही. त्यात विसंगती आहे असे मला वाटलेही नव्हते. मी वाचले तर तो विरंगुळा, गावातल्या बाईने वाचले तर तो बिघाड, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, आणि त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरीची सुरुवातीची वाट या अद्भुतरम्य प्रेमकथांमधून जाते. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत एक कबुली दिली आहे, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे. आपल्या लोकांतील विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांमुळे रोजच्या जीवनात कादंबरीला पुरेल असे रंजक काही सापडत नाही, अशा आशयाचे ते लिहितात. ज्या समाजात लग्न बालपणीच ठरून जाते, तिथे प्रेमाची कथा सांगायची तर राजपुत्र आणि मायावी महाल आणावेच लागतात. म्हणजे प्रेमकथा हे पलायन असेलच, तर कशापासूनचे पलायन, हे रिसबुडांना नेमके ठाऊक होते.

योगायोग असा, की १८६८ साली इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी ‘हिकलिन’ खटल्यात अश्लीलतेची कसोटी घालून दिली. पुस्तक कसे आहे यापेक्षा, ज्यांचे मन अशा प्रभावाला सहज बळी पडते त्यांच्या हाती ते पडले तर काय होईल, हे पाहावे, असा तिचा रोख होता. मेणाच्या गोळ्यासारखा वाचक कायद्यात शिरला तो इथे. त्याला कोणी न्यायालयात बोलावले नाही, त्याची साक्ष झाली नाही. तो गृहीत धरला गेला. १९६४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली, तेव्हा कसोटी हीच होती. ती बाजूला सारून समकालीन समाजाच्या मापाने पाहावे, असे त्याच न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात म्हटले. मधल्या काळात एक मराठी खटला आहे आणि त्याची आठवण महाराष्ट्रातही फार थोड्यांना असावी.

१९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. दंडाधिकाऱ्यांनी लेखक-प्रकाशकांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. अखेर २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले. निकालपत्र वाचण्यासारखे आहे. कथेत वासना चाळवणारे काही नाही, असे सांगताना न्यायालयाने तिचा वाङ्मयीन दर्जा उच्च नसेल आणि लेखकाची अपरिपक्वता व तोकडा अनुभव तिच्यात दिसत असेल, असेही म्हटले. म्हणजे सुटका झाली, पण कानही धरला! त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर आधारलेला राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि देशभर गाजला.

१९६२ हे वर्ष आमच्या मुलखात आणखी एका कारणाने लक्षात राहावे. भिलाईहून गाडीने तासाभराच्या अंतरावर राजनांदगाव आहे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत. त्यांच्या ‘भारत: इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने त्या वर्षी बंदी घातली. तेच वर्ष ना. सी. फडक्यांना पद्मभूषण मिळाल्याचे. प्राध्यापकाने प्रेमकथा लिहिल्या तर सन्मान, दिवाळी अंकाच्या लेखकाने लिहिली तर समन्स. आणि इतिहास लिहिला तर बंदी. पुस्तके तीन प्रकारची, पण बंदीचा आणि समन्सचा आधार एकच: वाचणारा कच्च्या डोक्याचा आहे, त्याला जपले पाहिजे. मुक्तिबोधांचे स्मारक आज राजनांदगावात आहे, ते उचितच आहे. काकोडकरांच्या आणि गुलशन नंदांच्या वाचकांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही.

आईंच्या दुसऱ्या ट्रंकेत, कादंबऱ्यांच्या खाली, मला एक लांबट वही मिळाली. त्यानंतर मी रद्दीवाल्याला थांबायला सांगितले.

ही वही समजण्यासाठी भिलाई समजले पाहिजे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि भाताच्या शेतांमध्ये कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, बिहार, विदर्भ अशा सगळीकडून माणसे आली आणि एकाच नमुन्याच्या घरांच्या रांगांतून राहू लागली. जात विचारण्याआधी सेक्टर विचारला जाई. १९५५ हेच हिंदू विवाह कायद्याचेही वर्ष आहे. नवे गाव आणि विवाहाचा नवा कायदा असे दोन्ही एकदमच आले. कायदा पुस्तकात होता. सासू, नणंद, गावची पंचमंडळी शेकडो कोस दूर राहिलेल्या त्या घरांत नवरा-बायकोने एकमेकांशी कसे बोलावे, शेजारच्या तेलुगू मुलाशी मराठी मुलीचे मन जुळले तर काय करावे, याचा नमुना मात्र कोणाजवळ नव्हता. घरांच्या दर्शनी कपाटात मॉस्कोहून छापून आलेले, स्वस्त आणि जाडजूड गॉर्की-टॉलस्टॉय असत. ट्रंकेत गुलशन नंदा असत.

आई लग्न होऊन भंडाऱ्याकडून आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हते. पती रात्रपाळीला गेले की घरात एकट्या. शेजारच्या पंजाबी बाईंनी एक कादंबरी दिली. “पहिली दहा पानं समजायला चार रात्री लागल्या,” त्यांनी मला सांगितले. “पुढं गोष्ट सोडवेना म्हणून हिंदी आली.” भिलाईतली किती मराठी, तमिळ, मल्याळी घरे अशी हिंदी शिकली असतील, याची नोंद कोणत्याही भाषिक सर्वेक्षणात नाही. नंतर पॉवर हाऊसच्या बाजारातून त्या पुस्तके विकत आणू लागल्या, आणि गल्लीतल्या बायका मागू लागल्या म्हणून त्यांनी वही घातली.

वहीत पाच रकाने आहेत. पुस्तक, नाव, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या शब्दापाशी थबकावेच लागले. परत करणारी व्यक्ती पुस्तकाविषयी जे बोलली, ते आई त्या रकान्यात लिहून ठेवीत. ‘शेवट पटला नाही.’ ‘नायक फार रडतो.’ ‘मुलीला दिले, तिने दोनदा वाचले.’ ‘सासू अगदी आमच्यासारखी.’ ‘असे कोणी सोडून देत नाही, लेखकाला संसार माहीत नाही.’ हा शेवटचा शेरा वाचताना मला सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र आठवले. लेखकाच्या तोकड्या अनुभवाविषयी न्यायमूर्तींनी जे म्हटले, ते इथे एका गृहिणीने एका ओळीत म्हटले होते. कथा आणि आयुष्य यांतला फरक न कळणारी बाई मी या वहीत पुष्कळ शोधली. मला सापडली नाही.

सापडले ते पुरुष. क्रेन चालवणारे, टाइमकीपर, एक शाळामास्तर. एका नावापुढे शेरा आहे: ‘स्वतःसाठी नेले, नाव बायकोचे लिहायला सांगितले.’ प्रेमकथा फक्त बायका वाचतात ही समजूत कशी टिकून राहते, याचे इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळाले नव्हते.

‘कटी पतंग’पुढच्या नोंदी सर्वांत लांब आहेत. या कथेतील तरुणी विधवा म्हणून एका घरात राहते आणि तिच्याशी लग्न करू पाहणारा पुरुष तिला भेटतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. एकशे पंधरा-वीस वर्षांनंतर भिलाईच्या एका गल्लीत चार बायका, एका कादंबरीच्या निमित्ताने, आपल्या घरातल्या विधवा जावेविषयी, बहिणीविषयी बोलल्या. त्या बोलण्याचे एकेक वाक्य वहीत उरले आहे. त्यातून कोणाचे लग्न झाले की नाही, ते वही सांगत नाही. मी आईंना विचारले. “एकीचं झालं,” त्या म्हणाल्या, आणि नाव सांगितले नाही.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका लहान शहरातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी तिने बैठका घातल्या. त्या चोखंदळ होत्या, नायक क्रूर निघाला तर पुस्तक नाकारत, आणि वाचनाचा वेळ हा दिवसभरातला एवढाच आपला स्वतःचा वेळ आहे असे सांगत. पुढे राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या तरुणींच्या इंग्रजी प्रेमकथांच्या वाचनाचा अभ्यास केला. हिंदी आणि मराठी पॉकेट बुकांच्या वाचकांकडे मात्र असे लक्ष फारसे गेलेले नाही. लेखिकांच्या बाबतीतही तेच. मराठीत कौटुंबिक प्रेमकथा लिहिणाऱ्या कुसुम अभ्यंकर या पेशाने डॉक्टर होत्या आणि रत्नागिरीच्या आमदारही. आपल्या मनातल्या चित्रात हे बसत नाही, म्हणून ते आपण विसरतो.

आता पुस्तकांच्या जपणुकीविषयी, कारण खरे नुकसान तिथे होत आहे. १९५४ सालच्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. मूळ कायद्यात कसुरीबद्दल दंड होता पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. पॉकेट बुकाच्या बाबतीत ही किंमत एक-दोन रुपये. रेल्वेच्या फलाटावर महिनाभरात खपून जाणाऱ्या पुस्तकाची प्रत टपालाने धाडण्याची तसदी किती जणांनी घेतली असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. त्यात एकाच नावाखाली अनेकांनी लिहिण्याची पद्धत, मुखपृष्ठावर सालाचा पत्ता नाही, आणि कागद लगद्याचा. हिंदीत या सगळ्याला ‘लुगदी साहित्य’ म्हणतात ते त्या कागदावरूनच. मराठीत ‘पिवळी पुस्तके’ म्हटले की भलताच अर्थ होतो. आईंच्या ट्रंकेतली सगळीच पुस्तके पिवळी होती, पण ती निव्वळ वयाने. सरकारी ग्रंथालयांत माझ्यासारख्यांनी ती येऊ दिली नाहीत. मग ती उरली कुठे? नाद असलेल्या, हसे झालेल्या माणसांच्या ट्रंकांत. पन्नास वर्षांनी भिलाईच्या पहिल्या पिढीच्या घरगुती मनाचा इतिहास कोणी लिहू लागला, तर कारखान्याची आकडेवारी त्याला हवी तेवढी मिळेल. या पुस्तकांची आणि अशा वह्यांची मात्र किलोवर विक्री झालेली असेल.

ती पोती मी सोडवून घेतली. रद्दीवाल्याने भाव वाढवला, तेही योग्यच होते. त्यानंतर एका ग्रंथालयात विचारणा केली. तिथल्या भल्या माणसाने यादी पाहिली, कसर लागलेल्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवले आणि विचारले, “यांत संदर्भमूल्याचे काही आहे का?” प्रश्न माझ्या ओळखीचा होता, तो मीच वर्षानुवर्षे विचारत आलो होतो. वहीविषयी सांगितले तेव्हा तो म्हणाला, वही ठेवू, पुस्तके नकोत. वही पुस्तकांवाचून निरुपयोगी आहे, हे त्याला समजावता आले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी अजून उत्तर यायचे आहे.

सध्या कादंबऱ्या माझ्या मागच्या खोलीत आहेत. डांबराच्या गोळ्या घातल्या आहेत, पावसाळ्यापूर्वी लोखंडी मांडणी करून घ्यायची आहे, आणि रोज पाच-सहा पुस्तकांची नोंद करतो: नाव, प्रकाशक, किंमत, आईंच्या हस्ताक्षरातली तारीख. आठ पुस्तके मात्र त्यांनी दिली नाहीत. ती पिशवीत घालून नागपूरला नेली. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. खालच्या मजल्यावरची एक सून पुस्तक मागायला आली होती म्हणे. “वही तुमच्याकडं राहिली ना साहेब,” त्या म्हणाल्या. “आता नवी आणायला सांगितली आहे.”